तेओफिलोचा पाहुणचार

"रक्ताला जात नसते, पक्ष नसतो, गरीब-श्रीमंत नसतं!" तार्मा गावच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, बाकावर उभं राहून ट्रकवाल्या निकानोरने जाहीर केलं. "माणसाने माणसाला द्यावं असं दान एकच, रक्ताचं!"

रांगेतल्या दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. मग निकानोर खाली उतरला आणि तेओफिलोच्या कानाशी लागला, "सुई केवढी असते रे?"

तेओफिलोची बायको फेलिसितास आत खाटेवर होती. पोटात गाठ. इथला नियम सरळ होता: घरच्यांनी दोन रक्तदाते आणायचे, मग ऑपरेशनची तारीख मिळणार. तेओफिलोचं स्वतःचं रक्त बाद, तरुणपणी कावीळ झालेली. मूलबाळ नाही. होती ती दवाखान्याच्या फाटकासमोरची तळलेल्या डुकराच्या मांसाची टपरी. तिचं मात्र गावभर नाव.

आपल्यासाठी रक्त सांडायला आलेल्याला उपाशी आत पाठवणं कुठल्या माणुसकीत बसतं? तेओफिलोने निकानोरपुढे बरगडीकडचे ताजे तुकडे वाढले, सोबत रताळं, वर कांदा. निकानोरने बोटं चाटली, पट्टा एक भोक सैल केला आणि शूरासारखा आत गेला.

आत रांग मोठी होती; दोन-तीन तासांनी तो बाहेर आला.

"घेत नाहीत."

"का?"

"काही नाही रे. डॉक्टरी भानगड." निकानोर बुटांकडे बघत बोलत होता.

तेओफिलोने नर्स येसेनियाला गाठलं. ती म्हणाली, "दात्याचं कारण दात्यापाशी, काका. मला सांगता येत नाही."

तेओफिलो काय ते समजला. निकानोर ट्रक घेऊन लिमाला जातो. तिथे काय काय दिवे लावत असेल!

म्हणून त्याने चर्चचा घंटावाला क्रिसोस्तोमो आणला. दारूचा थेंब नाही, बाईकडे नजर नाही. त्याने प्लेट मात्र मागून दुसरी घेतली. तोही परत आला.

"देवाची इच्छा," क्रिसोस्तोमो म्हणाला आणि त्याने तेओफिलोची पाठ थोपटली. "पण तुझ्या हाताला चव आहे हं. त्यात वाद नाही."

चर्चमध्येही हेच, तेओफिलो मनात म्हणाला.

मग शाळेतली सोराइदाबाई आली. काडीसारखी. तिला त्याने कुरकुरीत कातडं जास्तीचं वाढलं.

"बास हो काका, मला नाही जात एवढं."

"रक्त द्यायचंय बाई, गंमत आहे का? खा!"

तिने मुकाट्याने संपवलं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "माफ करा काका," म्हणाली आणि निघून गेली.

आत फेलिसितासचे ओठ पांढरेफटक पडले होते. "मिळालं का कुणी?"

"मिळेल."

"अख्ख्या गल्लीत एक माणूस धड नाही?"

"गावच नासलंय."

"आलेल्यांना निदान खाऊ तरी घातलंस ना?"

"पोटभर."

"मग झालं," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

तेवढ्यात सर्जन येऊन सांगून गेले, आता फार थांबता येणार नाही. तेओफिलो येसेनियापुढे जाऊन उभा राहिला. टोपी हातात.

"पोरी, नाव नको सांगूस. नुसता रोग सांग. गल्लीत साथ असेल तर मी आता माणूस आणू कुठून?"

येसेनियाने दार लोटलं. एका काचेच्या नळीवरचं नाव अंगठ्याखाली झाकून तिने ती उजेडात धरली. लाल रक्त तळाशी बसलं होतं. वर पिवळसर, नितळ पाणी दिसायला हवं, असं ती म्हणाली. दिसत होता तो पांढरा, दाट थर.

तेओफिलोने चष्मा लावला. नळी हातात घेऊन तिरकी केली. रोज सकाळी तळणीच्या थंड कढईत त्याला हेच साचलेलं दिसायचं.

"तिघांचंही?"

"तिघांनीही शपथ घातली होती, तुम्हाला कळता कामा नये म्हणून. उद्या सकाळी परत येतायत तिघं." येसेनियाने नळी काढून घेतली. "तुम्ही फक्त एक करा, काका. दुपारपर्यंत टपरी उघडू नका."