प्रुइटनं हरवलेला माणूस

"ओटिस प्रुइटला खाली उतरवा," म्हणत लोनीनं खुर्चीतूनच हात लांबवला आणि आरशाशेजारच्या फळ्यावरचं सहावं नाव पुसायला फडकं उचललं.

उत्तर फिलाडेल्फियातल्या क्लिओफसच्या सलूनमध्ये दर मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मुष्टियुद्धातल्या हेवीवेट विजेत्यांची क्रमवारी नव्यानं लावतात. नियम एकच: ज्याच्या गळ्यात क्लिओफसचं कापड, त्यालाच मत. बाकीच्यांनी बाकावर बसून पिंका टाकायच्या. एकेकाळचा मुष्टियोद्धा डेलबर्ट क्वार्ल्स गेली वीस वर्षं बाकावरच होता. डोक्यावर औषधालासुद्धा केस नव्हता, मग खुर्चीचं काय काम?

"अकरा वेळा किताब राखलाय त्यानं," क्लिओफस कात्री चालवत म्हणाला.

"राखला, पण कुणासमोर? दोघं म्हातारे, तिघं ढेरपोटे, आणि..." लोनी जरा घुटमळला. "आणि आपले डेलबर्टकाका!"

सलून खदखदून हसलं. डेलबर्टही हसला. त्याची ती सवयच होती.

"राग मानू नका हं, काका. तुम्हीच सांगता ना, फुकटचं हॉटेल आणि ताटभर स्टेक खायला गेलो होतो, सातव्या फेरीत बरीशी जागा बघून आडवा झालो? मग असल्यांना पाडणारा सहावा कसा?"

डेलबर्टचं हसू जागीच विरलं. हा विनोद त्याचा स्वतःचा, चाळीस वर्षं घासूनपुसून वापरलेला. लग्नांत सांगितला, बारशांत सांगितला. आज तोच प्रुइटवर उलटला होता, आणि प्रुइटला तर गेल्या हिवाळ्यात पुरलं. आता तो उठून भांडणार थोडाच! डेलबर्टला आपलीच लाज वाटली, आणि मग संताप आला.

तो उठला आणि लोनीशेजारच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसला.

"कापड बांध."

"काका, कापू काय?" क्लिओफसनं विचारलं.

"भुवया काप. पण बांध."

क्लिओफसनं कापड बांधलं.

"ते फडकं ठेव खाली," डेलबर्ट लोनीला म्हणाला. "त्या लढतीआधी चार महिने मी बाटलीला शिवलो नव्हतो. पहाटे उठून बर्फातून धावायचो. तिसऱ्या फेरीत मी प्रुइटला गुडघ्यावर आणलं. पंच म्हणाले, पाय घसरला. तुझ्या त्या विक्रमांच्या पुस्तकात लिहिलंय का हे?"

"नाही."

"सातव्या फेरीत त्यानं मला चारदा पाडलं. तीनदा मी उठलो. जागा बघून आडवा झालेला माणूस उठतो का रे?"

"मग इतकी वर्षं ते स्टेकचं काय सांगत होतात?"

डेलबर्टनं आरशात पाहिलं. डोळे भरून आले होते. त्यानं ते पुसले नाहीत.

"खोटं सांगत होतो. जेवायला गेलो होतो म्हटलं की लोक हसतात. जिंकायला गेलो होतो म्हटलं की गप्प बसतात."

सगळे गप्प झाले. क्लिओफसची कात्रीसुद्धा थांबली.

"बघा, झालात ना?" डेलबर्ट म्हणाला. "आता माझं मत घ्या. मी जिंकायला गेलो होतो. आणि त्यानं मला हरवलं."