चंदेरीची खोळ

सूर्याजी इंगळे शिंदे सरकारच्या पागेत होते. त्यांचे पुत्र रघुनाथराव तोफखान्यात. रघुनाथरावांचे सदाशिवराव दरबारी बागेच्या देखरेखीला. चौथ्या पिढीत विश्वासरावांच्या वाट्याला त्या बागेतला पितळी फिरता फवारा आला. हिरवळीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा जोडीदार होता, तो सदाशिवरावांच्या वेळेपासून माधवरावांकडे.

दरबार संपला, मध्यभारत झाले, तेही विलीन झाले आणि राजधानी भोपाळला गेली. आता बाग सरकारी होती आणि दोघांपैकी एकाचीच जागा उरणार होती. भोपाळहून आलेल्या साहेबांनी सकाळी एवढेच सांगितले होते, “जिसका फव्वारा ठीक चलेगा, वही रहेगा।” मग ते दुसरी कचेरी पाहायला निघून गेले.

माधवरावांना निवृत्तीला दोन वर्षे कमी होती. ती भरली नाहीत, तर पेन्शन हातची जाणार होती. विश्वासरावांची नोकरी गेली, तर शिंदे की छावणीतले सरकारी घर सोडावे लागणार होते. हे दोघांनाही ठाऊक होते, आणि दोघेही हवापाण्याच्या गोष्टी करीत बसले होते.

फवाऱ्याच्या मानेत छर्रे असतात. त्यांत धूळ शिरली की फवाऱ्याचे हात फिरत नाहीत. आणि ताज्या ग्रीसवर धूळ जशी बसते, तशी आणखी कुठे बसत नाही. सकाळीच दोघांनी ग्रीस भरले होते. माधवरावांच्या फवाऱ्यावर सरकारी ताडपत्रीचा फाटका तुकडा होता. विश्वासरावांच्या फवाऱ्यावर चंदेरी कापडाची, सात घड्यांची खोळ. दरबार संपल्यावर त्यांच्या पत्नी वनमालाबाईंनी ती सासऱ्यांच्या पगडीचे पीळ उलगडून शिवली होती.

“पगडी माणसाच्या डोक्यावरून उतरली आणि नळाच्या डोक्यावर चढली,” माधवराव नेहमी म्हणत. “तिला तिथे तरी मान आहे.”

दुपारी पश्चिमेचे आकाश पिवळे झाले. धुळीची आंधी आली ती एकदम आली. ताडपत्री उडाली आणि माधवराव, धोतराचा सोगा एका हाती धरून, तिच्यामागे फाटकाकडे धावले. बागेच्या कचेरीच्या ओसरीवरचे कारकून हसले. एकाने ओरडून सांगितले, “माधवरावजी, वो तो मुरार पहुँच गई, अब ताँगा कर लो।”

विश्वासराव हसले नाहीत. ते उघड्या पडलेल्या त्या फवाऱ्याकडे पाहत होते.

दरबार असताना एका दसऱ्याला, पाहुण्यांच्या देखत, सदाशिवरावांचा फवारा अडकला होता. त्या पहाटे त्यांची धाकटी मुलगी गेली होती आणि फवारा झाकण्याचे भान त्यांना राहिले नव्हते. विचारणा झाली तेव्हा माधवराव पुढे झाले आणि चूक आपली आहे, असे त्यांनी सांगितले. मानकऱ्यांच्या रांगेतली त्यांच्या घराण्याची जागा त्या दिवशी गेली. पुढे ती परत द्यावी, तर दरबारच उरला नाही. माधवरावांनी हा विषय कधी काढला नाही. सदाशिवरावांना तो काढता आला नाही. मरताना त्यांनी मुलाला तेवढे एकच सांगितले.

विश्वासराव आपल्या फवाऱ्याजवळ गेले आणि खोळीची नाडी ओढू लागले. गाठ सुटेना. वनमालाबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले, मग हिरवळीच्या दुसऱ्या टोकाकडे.

“सरका,” त्या म्हणाल्या. “गाठ माझ्या हातची आहे. मी सोडते.”

पदराने तोंड झाकून त्यांनी ती सोडली. दोघे वाऱ्यात वाकून हिरवळ ओलांडून गेले. खोळ माधवरावांच्या फवाऱ्यावर चढवली, नाडी दोनदा गुंडाळली, आणि वनमालाबाईंनी गाठ मारली. परत येताना विश्वासरावांनी आपल्या फवाऱ्यावर रुमालसुद्धा टाकला नाही.

आंधी उतरली तेव्हा साहेबांची जीप आली. पानांवर, पायऱ्यांवर, कारकुनांच्या भुवयांवर धूळ होती. माधवराव रिकाम्या हाताने परतले आणि आपल्या फवाऱ्यापाशी येऊन थबकले. खोळ त्यांनी ओळखली. तिच्यावर हात ठेवून ते उभे राहिले. साहेबांनी घाई केली, तेव्हा त्यांनी ती काढली.

पाणी सोडले. माधवरावांच्या फवाऱ्याचे दोन्ही हात सरसर फिरू लागले. विश्वासरावांचा फवारा करकरला, पाव फेरा गेला आणि थांबला. एकाच जागी पाणी पडून तिथे चिखल होऊ लागला.

“इसे ढका क्यों नहीं?” साहेबांनी विचारले.

माधवरावांनी तोंड उघडले. त्यांच्या आधी विश्वासराव बोलले.

“मेरी चूक है, साहब।”

साहेबांनी मान हलवली, लिहायचे ते लिहिले आणि जीपमध्ये बसले. कारकून आत गेले. वनमालाबाई डब्याला लागलेली धूळ पुसत राहिल्या. भांडी कोणती न्यायची, कोणती विकायची, याचा विचार त्यांनी सुरू केला होता.

माधवराव हिरवळ ओलांडून आले. खोळ त्यांनी छातीशी धरली होती.

“विश्वास, तुझ्या वडिलांपाशी मी कधी काही मागितलं नव्हतं.”

“ठाऊक आहे, काका,” विश्वासराव म्हणाले. “म्हणून तर ते राहून गेलं होतं.”

त्यांनी वाकून आपल्या फवाऱ्याचे पाणी बंद केले.

“आता काही राहिलं नाही.”