डबा उघडला

"आता ही चालत न्हाई, अक्का." अमृतप्पा मिस्त्रीनं व्हॅनच्या डॅशबोर्डाखालून काढलेला चपटा डबा तुळजाच्या हातात ठेवला. "इंजन चांगलं हाय. गाडीचा मेंदू गेलाय. ईसीएम म्हणत्यात ह्याला. नवा टाकायला पाहिजे, आन् ह्या जुन्या मॉडेलचा नवा आता येत न्हाई."

तुळजानं डबा उलटासुलटा करून पाहिला. एवढ्याशा वस्तूपायी तिची व्हॅन हुमनाबादच्या गॅरेजात गप पडून होती. मागं मेथीशेपूच्या टोपल्या होत्या. त्यांची मालकीण चंद्रम्मा लिंबाखाली बसून वाट बघत होती. हळ्ळीखेडच्या बायका बाजाराला जायच्या त्या तुळजाच्याच गाडीतून. नवरा पुण्याच्या कंपनीत लागला आणि गाडी घराशेजारी ताडपत्रीखाली पडली. एक दिवस तुळजानंच ती बाहेर काढली. गावानं आधी तोंडात बोटं घातली, मग गाडीत पाय घातले.

"मी जुन्या गाड्या घेणाऱ्या एजंटाशी बोलून ठेवलंय," धाकटा दीर अण्णाराव म्हणाला. गाडी बंद पडल्याचं कळताच तो बस धरून आला होता. "हाय तशी नेतो म्हणायलाय. नवीचं मग बघू."

"नवी कोण चालवणार?"

"मी हाय की. तुम्ही किती दिवस रस्त्यानं फिरणार, वैनी? बरं दिसत न्हाई."

म्हणजे दिराच्या मनात हे होतं तर.

तुळजा अमृतप्पाकडं वळली. "ह्याची दुरुस्ती होत न्हाई का?"

"मी बदलतो अक्का, उघडत न्हाई. शेजारच्या दुकानात रेणू हाय, टीव्हीचे बोर्ड नीट करती. हैद्राबादला इन्व्हर्टरच्या कारखान्यात होती. तिला दाखवा. पण एकदा ह्याचं सील फोडलं की एजंट गाडीला हात लावणार न्हाई. मग भंगारच."

रेणूनं डबा आपल्या दुकानाच्या खिडकीशी धरला, नखानं कडेचा काळा डिंक खरवडला. "उघडते. पण वचन देत न्हाई. गेला तर माझ्या नावानं बोंब मारायची न्हाई."

तोवर अण्णारावानं पुण्याला फोन लावला होता. दोन शब्द बोलून त्यानं मोबाइल तुळजाच्या कानाला लावला.

"अण्णाराव म्हणतोय तसं कर ना," पलीकडून नवरा म्हणाला. मागं मशिनीचा आवाज होता. "कामून हट्ट करायलीस?"

"तुम्ही गाडी ठिवून गेलात तवा मला इचारलं नव्हतं," तुळजा म्हणाली. "आता मी इचारत न्हाई."

तो अजून बोलत होता. तिनं फोन दिराच्या हातात दिला आणि रेणूला म्हणाली, "उघड."

ब्लेडनं डिंक कापला गेला. आत सर्किटची हिरवी पाटी निघाली, कडेला पाणी मुरल्याचा पांढरट डाग. रेणूनं डाग घासून काढला, पिनांना कथलाचा नवा डाक दिला. अमृतप्पानं डबा परत बसवला. तुळजानं किल्ली फिरवली. स्टार्टर नुसताच घरघरला.

"झालं समाधान?" अण्णाराव म्हणाला. "आता एजंट बी गेला."

क्षणभर तिला वाटलं, आपण आपल्याच हातानं घर बुडवलं. पण ती सीटवरून उतरली नाही. किल्लीवरचा हातही तिनं काढला नाही.

"रेणू, ही खड्ड्यात बंद पडायची. पुढच्या खड्ड्यात दणका बसला की आपसूक चालू व्हायची. लई दिवस असंच चाललंय."

"हे आधी सांगावं का न्हाई, अक्का?" रेणू वैतागली, पण तिचा चेहरा उजळला होता. "म्हणजे जळलं काहीच न्हाई. कुठंतरी सुटलंय."

डबा पुन्हा बाहेर आला. रेणूनं भिंगाखाली पाटी हळूच वाकवली, सोडली, परत वाकवली. मग बोट ठेवलं. केसाएवढी चीर होती. पाटी वाकवली की मिटायची, सोडली की उघडायची. तिनं त्या चिरेवरून तांब्याची बारीक तार ओढून दोन्हीकडं डाक दिला.

या वेळी इंजिन खोकलं, थांबल्यासारखं झालं आणि लागलं. सायलेन्सरमधून धुराचा लोट निघाला. चंद्रम्मा कुणी न सांगता उठली, लुगडं खोचलं आणि पुढच्या सीटवर येऊन बसली.

डॅशबोर्डावर एक पिवळा दिवा तसाच राहिला होता.

"तो जाईल का न्हाई, सांगता येत न्हाई," रेणू म्हणाली. "तार किती दिवस धरंल, ते बी."

"सुटली तर परत येते," तुळजा म्हणाली. "दिवा जळू दे."

अण्णाराव चालकाच्या दाराशी आला. त्यानं दारावर हात ठेवला. "सरका वैनी. आता मी घेतो. वाटंत परत बंद पडली तर?"

"पडली तर मी हाय." तिनं आरसा आपल्या उंचीला लावून घेतला. "यायचं असंल तर मागं बसा, भावजी. टोपल्या जरा सरकवा, जागा होती."

तो उभाच राहिला. गॅरेजातली माणसं बघत होती. हळ्ळीखेडची बस निघून गेली होती. तुळजानं गिअर टाकला. तसा तो मागं गेला, मेथीच्या टोपल्यांमध्ये अंग चोरून बसला आणि सरकतं दार बेतानं ओढलं. ते नीट लागलं नाही.

"जोरात ओढा भावजी," तुळजा मागं न बघता म्हणाली. "मोडत न्हाई गाडी."