नाकारलं कुणी?

"गॉगल मागितला व्हता मी," कडूबा म्हणाला. "सुपरवायझर नाय म्हणले. तसंच घास म्हणले."

दवाखान्याच्या खाटेवर तो उशीला टेकून बसला होता. डाव्या डोळ्यावर पट्टी होती. वाळूजच्या कारखान्यात ग्राइंडिंग करताना लोखंडाचा कण उडाला आणि डोळा गेला. विमा कंपनीचे साहेब चेन्नईहून आले होते. त्यांना ना मराठी येत होतं, ना हिंदी. म्हणून कारखान्याच्या ऑफिसातल्या ऋतुराजला भाषांतराला मध्ये बसवलं होतं.

"ही डिनाइड गॉगल्स," ऋतुराज म्हणाला. मधला 'वॉज' घाईत राहून गेला.

साहेबांनी मान वर करून इंग्रजीत विचारलं, "ही रिफ्यूज्ड? त्यानंच गॉगल घेतला नाही?"

ऋतुराजला चूक कळली. पण शेजारी कारखान्याचे मॅनेजर बसले होते. ऋतुराजला नोकरीत कायम करायचं की नाही, ते त्यांच्या हातात होतं. ते त्याच्याकडंच बघत होते.

"येस सर," तो म्हणाला.

पहिलं वाक्य घाईत चुकलं होतं. 'येस सर' मात्र घाईत आलं नव्हतं. त्या दोन शब्दांसरशी सगळा दोष कडूबाच्या माथी बसला.

निघताना कडूबानं हात जोडले. "तुमी व्हते म्हणून माझं म्हणणं पोचलं साहेब. आमच्या पोरीला, शालूलाबी शिकवा तेवढं."

बजाजनगरात ऋतुराज दर रविवारी इंग्रजीचा क्लास घ्यायचा. पुढच्याच रविवारी दहावीतली शालू पहिल्या बाकावर येऊन बसली. तिच्याकडून फी घ्यायची नाही, एवढं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. तरी तिच्याकडं बघून शिकवणं त्याला जमेना.

त्यात वर्गातल्या विशाखानं नेमकं विचारलं, "सर, डिनाय आणि रिफ्यूज, फरक काय?"

टाळणं शक्य नव्हतं. "रिफ्यूज म्हणजे आपण स्वतः नाही म्हणणं," तो फळ्याकडं तोंड करून सांगू लागला. "आय रिफ्यूज्ड टू गो. मी जायला नकार दिला. डिनायपुढं असं 'टू गो' लावत नाहीत. डिनाय म्हणजे एखादी गोष्ट खरी नाही म्हणणं, नाहीतर कुणाला काही द्यायचं नाकारणं. आणि 'वॉज डिनाइड' म्हटलं, की ज्याला दिलं नाही तो माणूस."

शालूनं वाक्य जुळवलं. "माय फादर वॉज डिनाइड गॉगल्स. बरोबर का सर?"

"बरोबर."

"त्या साहेबांना तुमी असंच सांगितलं ना?"

तिच्या आवाजात संशयाचा लवलेश नव्हता. तिला फक्त आपलं वाक्य पक्कं करून घ्यायचं होतं. ऋतुराजच्या जिभेवर पुन्हा तेच 'येस' आलं.

"नाही," तो म्हणाला. "साहेब रिफ्यूज्ड म्हणाले, आणि मी येस म्हणालो."

शालूला अर्थ लागायला वेळ लागला नाही. तिचा चेहरा उतरला.

ऋतुराजनं खडू खाली ठेवला, फोन काढला आणि साहेबांचा नंबर लावला. पलीकडं घंटा वाजू लागली.

"शालू, इकडं ये. जवळ उभी राहा," तो म्हणाला. "मी काय बोलतो ते नीट ऐक. या वेळी चुकलो, तर तिथंच टोक मला."