चौदावी जुडी

आईच्या हृदयाला हात लावायला एकही सर्जन तयार होईना, तेव्हा नववीतल्या लेकीने ठरवलं, आपणच सर्जन व्हायचं. शाळेतून आली की ती खुर्चीच्या दांडीवर एका हाताने टाक्याच्या गाठी मारत बसायची. शिवता शिवता आई मशीनवरच्या रिळाचा दोरा तोडून द्यायची.

"चौदा वर्षं लागतील गं आई. तोवर थांबशील ना?"

"न थांबून जातेय कुठे? ही गाठ बघ, सैल पडलीय. सोड आणि पुन्हा मार."

दहावीच्या निकालाआधीच आई गेली.

महिन्याभराने लेकीने दोऱ्यासाठी मशीनचा खण उघडला. आत हात-हातभर दोरे कापून, एकेका वर्षाची जुडी बांधून ठेवलेली होती. चौदाव्या जुडीला चिठ्ठी होती, आईच्या अक्षरातली : "आता नसेल ना पडत सैल?"