शनिवारचं लगीन

गंगीने तोंड उघडायच्या आत तुळशीने गाणं उचललं.

समोर हिरवळीवर खुर्च्या टाकून मुंबई-सुरतेकडचे पाहुणे बसले होते. हातात शहाळी, मांडीवर मोबाइल. बोर्डीच्या त्या रिसॉर्टमध्ये दर शनिवारी संध्याकाळी ‘आदिवासी लग्न’ दाखवत. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढलेला. त्यापुढे बाशिंग बांधून दोघं उभी. नवरी निलम, गंगीची मुलगी, रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला. नवरदेव लाहू, तिथलाच वेटर. शो संपला की निलम पोळ्या लाटायला जायची आणि लाहू टेबलं पुसायला.

तुळशी धवलेरी होती. कोसबाडच्या बाजूच्या पाड्यांवर लग्न लावायचं ते धवलेरीने, गाण्यातून. ती एकेका देवाला नावाने बोलावते, देव येतात, साक्षीला बसतात, आणि मग लग्न लागतं. तुळशीने तीस वर्षं लग्नं लावली. त्यातली पंधरा वर्षं गंगी तिच्या मागे बसून ओळी झेलायची. पुढे पाड्यांवर डीजे आला. लोक म्हणू लागले, आजी, जरा लवकर आटपा, डीजेवाला खोळंबलाय. मग आजीला बोलवायचंच राहून जाऊ लागलं.

आणि गंगीला मात्र न्यायला रिसॉर्टची जीप येऊ लागली.

जीप तुळशीच्या दारावरूनच जायची. गंगीच्या घरावर नवे पत्रे चढले. गंगीच्या अंबाड्यात गजरा आला. तुळशीचा नुसता जळफळाट व्हायचा. “देव इकलं तिनं,” असं ती विहिरीवर भेटेल त्या बाईला सांगायची. आपण उपाशी राहू, पण खुर्चीवरच्या लोकांपुढे ते गाणं म्हणणार नाही, असंही सांगायची. खोटं कशाला बोला, तिला कोणी विचारलंच नव्हतं. तेच तर जास्त झोंबत होतं. निलमचं लग्न मसोलीच्या नविनशी ठरलं, तीन आठवड्यांवर आलं, तरी गंगीकडून त्याचं बोलावणं नाही. तेव्हा मात्र तिला राहवेना.

म्हणून आज ती स्वतःच बसने आली होती. मॅनेजरला गाठून म्हणाली, “गंगीला अर्धं येतं. मी पुरं गाते. तिच्या निम्म्या पैशांत.”

मॅनेजर कशाला नाही म्हणतोय?

आता ती गात होती. आवाज पिकलेला, पण भक्कम. पहिल्या देवाचं नाव घेतलं तशी गंगीने तिचा हात धरला.

“बाय, ते नको. दुसरं कायपण म्हण.”

तुळशीने हात झिडकारला. जळतेस काय? जळ आता तू. तिने दुसऱ्या देवाचं नाव घेतलं आणि गंगी गप्प झाली. देव बोलावल्यावर गाणं मध्येच तोडायचं नसतं, हे गंगीला तुळशीनेच शिकवलं होतं.

तुळशी नवरीकडे बघत नव्हती, नवऱ्याकडेही नाही. ती गंगीकडे बघून गात होती. एकेक नाव तिच्या तोंडावर फेकत होती. अशी ती कित्येक वर्षांत गायली नव्हती. तिच्या अंगावर काटा आला. पाहुण्यांचे मोबाइल खाली आले. मागच्या रांगेतली एक बाई का कोण जाणे उठून उभी राहिली. शेवटच्या ओळीला तुळशीने सवयीने सुपातले तांदूळ घेतले आणि दोघांच्या डोक्यावर टाकले.

टाळ्या पडल्या. मॅनेजर धावत आला. “आजी, कमाल केली! दर शनिवारी हेच पाहिजे. यापुढे तुम्हीच या.”

तुळशीने तोऱ्यात गंगीकडे पाहिलं. गंगीच्या तोंडावर राग नव्हता. ती घाबरलेली होती.

“वरीस झालं, मी हितं भातलावणीची गाणी म्हणते, बाय,” गंगी हळूच म्हणाली. “नायतर पोरं निजवायची. ह्या लोकांना काय कळतं? त्या गाण्याला मी हात नाय लावला. म्हणून तर माझ्या पोरीला हितं उभी केली.”

तिने निलमकडे बोट केलं. “तिच्या खऱ्या लग्नाला तुलाच बसवायची व्हती. उद्या येणार व्हते तुला बोलवायला.”

तुळशीने पहिल्यांदा नवरीकडे पाहिलं.

निलम जागची हलली नव्हती. केसांत तांदूळ तसेच होते. शेजारी लाहू मान खाली घालून उभा होता. लहानपणापासून निलमने पाड्यावरची लग्नं पाहिली होती, तुळशीनेच लावलेली. त्यातलं एकही खोटं नव्हतं.

“आजी,” ती म्हणाली, “देव आलं व्हतं ना? मग आता मी नविनची कशी?”

मॅनेजर हसला. “अगं वेडे, शो आहे तो!”

निलमने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती तुळशीच्या तोंडाकडे बघत होती. गंगीही तिकडेच बघत होती.

देव आले होते. नावागणिक एकेक आला होता. तीस वर्षांत आले नसतील असे आले होते, आणि ते तुळशीइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

तिने सूप खाली ठेवलं.

“नाय आलं, पोरी,” ती म्हणाली. “माझ्या गाण्याला येत नाय ते. खरं गाणं गंगीचं. मला ते कधी आलंच नाय.”