बरोब्बर मापाची वायर

थोरल्याने दुकानातले झाडून सगळे फोन उलटेपालटे करून पाहिले. धाकट्या बहिणीने परगावाहून धोशाच लावला होता, "दादा, आईला मोबाइल जमत नाही म्हणतोस ना? मग तिच्या उशाशी साधा वायरचा फोन तरी ठेव. मला रोज बोलायचंय तिच्याशी."

मोठ्या बटणांचा, खणखणीत रिंगचा फोन पसंत पडल्यावर त्याने खिशातून सुतळी काढून काउंटरवर सरळ केली. "वायर बरोब्बर एवढीच द्या. आई अंथरुणातच असते, भिंतीपासून मोजून आणलीय."

"हातभर जास्त असू द्या की, दादा."

"छे, बोटभरसुद्धा नको. उगाच पायात येते."

"अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी एवढं मोजूनमापून कोण करतं हो हल्ली!" म्हणत दुकानदाराने कौतुकाने वायर कापून दिली.

संध्याकाळी फोन खणखणला. वायर पार ताणून तो स्टुलावर ठेवला होता. आईने पडल्या पडल्या हात लांबवला, तशी बाही मागे सरकली आणि दंडावरचे काळेनिळे वळ उघडे पडले. तिची बोटं फोनच्या वीतभर अलीकडेच थांबली. रिंग वाजून वाजून गप्प झाली आणि थोरल्याचा मोबाइल वाजला. खोलीचं दार ओढून घेत तो अंगणात आला.

"अगं, तिच्या उशाशीच ठेवलाय फोन. आता तिलाच तुझ्याशी बोलायचं नसेल, तर मी तरी काय करू?"